तलावाचं पाणी हिरवं का पडतं? मोरचूद न टाकता शेवाळ आवरण्याचे उपाय

जळगाव/धुळे : मार्च सरत आला की खान्देशातल्या लघु प्रकल्पांचं, पाझर तलावांचं आणि नदीच्या डोहांत साचलेलं पाणी रंग बदलायला लागतं. आधी काठाला हिरवट झाक येते. मग एखाद्या सकाळी वारा पडलेला असताना पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा थर दिसतो आणि दोन दिवसांनी नळाच्या पाण्याला कुबट, मातकट वास येतो. गावात कोणीतरी म्हणतंच, ‘मोरचूद टाका, दोन दिवसांत पाणी साफ!’ बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद अनेकांच्या घरात असतोच. तो टाकला की पाणी दोन दिवसांत खरोखर साफ दिसतं. पण पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत धोका नेमका त्या साफ दिसणाऱ्या पाण्यात असतो.

हा थर म्हणजे काय, तो कुठून येतो आणि औषध न टाकता गावाला काय करता येतं, याची ही माहिती.

सगळं हिरवं एकसारखं नसतं

पाण्यावर दिसणाऱ्या हिरव्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. जाड देठाची, जांभळ्या फुलांची जलपर्णी ही वनस्पती आहे, शेवाळ नव्हे. ती उपसून काढता येते. दगडाला किंवा टाकीच्या भिंतीला चिकटणारं, केसांसारखं लांब धाग्यांचं शेवाळ दिसायला घाण असलं तरी सहसा विषारी नसतं. पंपाच्या जाळीत अडकतं, ताप देतं, एवढंच.

घाबरायचं ते निळ्या-हिरव्या शेवाळाला. नावात शेवाळ असलं तरी हे प्रत्यक्षात सूक्ष्म जिवाणू आहेत. भातशेतीत नत्र मिळावं म्हणून यांच्याच काही जाती खत म्हणून वापरतात. त्यामुळे सगळ्याच जाती वाईट, असं नाही. पण तलावात वाढणाऱ्या मायक्रोसिस्टिससारख्या जाती यकृतावर परिणाम करणारं विष तयार करू शकतात. नुसत्या डोळ्यांनी थर विषारी आहे की नाही हे सांगता येत नाही, त्यामुळे तो विषारी आहे असं धरूनच चालावं.

ओळखायला दोन साध्या युक्त्या आहेत. एक काठी थरात बुडवून वर काढायची. काठीला धागे लटकले तर ते साधं धाग्यांचं शेवाळ. रंगाचा हात दिल्यासारखी काठी माखली तर निळं-हिरवं असण्याची शक्यता मोठी. दुसरी युक्ती बाटलीची. पारदर्शक बाटली पाऊण भरायची, झाकण सैल ठेवायचं आणि रात्रभर न हलवता सावलीत ठेवायची. सकाळी हिरवा रंग तळाला बसला असेल तर काळजी कमी. पाण्याच्या वर कडं करून जमला असेल तर ते निळं-हिरवं. त्याच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात, म्हणून ते वर तरंगतं. हे करताना हातात प्लास्टिकचे मोजे घालावेत. नसतील तर साधी पिशवी बांधली तरी चालेल.

मोरचुदाने नेमकं काय होतं

१९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात पाम आयलंड नावाच्या बेटावर हेच घडलं. बेटाला पाणी पुरवणाऱ्या सॉलोमन धरणात शेवाळ माजलं, पाण्याला वास यायला लागला. तिथल्या यंत्रणेने मोरचूद टाकला. त्यानंतर काही दिवसांतच लोक आजारी पडू लागले. उलट्या, यकृताला सूज, मूत्रपिंडावर परिणाम. एकूण १४८ जण आजारी पडले आणि त्यात १३८ लहान मुलं होती. कारण पुढे उलगडलं. शेवाळ जिवंत असताना विष बरंचसं त्याच्या पेशीच्या आत असतं. मोरचुदाने पेशी फुटल्या आणि आतलं विष एकदम पाण्यात मिसळलं. जिवंत शेवाळ गाळणीत अडकलं असतं, विरघळलेलं विष वाळूच्या साध्या गाळणीतून बरंचसं सुटून जातं.

शिवाय मोरचुदातलं तांबं कुठे जात नाही. ते गाळात बसतं, माशांना मारतं, आणि मेलेलं शेवाळ कुजून पाण्यातला प्राणवायू खातं. शेवाळाचं खाणं पाण्यात तसंच राहतं, त्यामुळे काही आठवड्यांत थर परत येतो.

इथे एक गैरसमज आताच दूर करायला हवा. ‘रसायन नको’ याचा अर्थ टाकीत टीसीएल टाकणं बंद करा, असा अजिबात नाही. टीसीएल जंतू मारण्यासाठी आहे आणि ते रोज लागतंच. नियम इतकाच की आधी शेवाळ गाळून काढायचं आणि टीसीएल नंतर टाकायचं. हिरव्या पाण्यात थेट टीसीएल ओतलं तर पेशी फुटतात आणि क्लोरीनही शेवाळातच खर्ची पडतं. मग जलसुरक्षक नळावर ओटी टेस्ट करतो तेव्हा पिवळा रंगच येत नाही.

डीएपीची एक गोणी आणि तीस कोटी लिटर पाणी

शेवाळाला ऊन लागतं, गरम आणि संथ पाणी लागतं, आणि खाणं लागतं. खान्देशात ऊन आणि उष्णता भरपूर, त्यावर कोणाचा इलाज नाही. हातात आहे ते खाणं, म्हणजे मुख्यतः स्फुरद. कॅनडात १९७३ साली शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत नत्र आणि कर्ब टाकला, पण स्फुरद फक्त एकाच भागात. तोच भाग हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. त्याचा विमानातून काढलेला फोटो आजही जगभर दाखवला जातो.

आता घरचा हिशोब. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ४६ टक्के स्फुरद असतं असं लिहिलेलं असतं, ते ऑक्साइडच्या रूपातलं. शुद्ध फॉस्फरस धरला तर गोणीत साधारण १० किलो. पाण्यात लिटरमागे ३० ते ३५ मायक्रोग्रॅम फॉस्फरस झाला की तलाव शेवाळाला पोसू शकतो. म्हणजे एका गोणीतला सगळा फॉस्फरस पाण्यात उतरला तर सुमारे ३० कोटी लिटर पाणी बिघडवायला तो पुरतो. पंचवीस एकरांवर पसरलेला, सरासरी दहा फूट खोल गावतलाव म्हणजे बरोबर तेवढंच पाणी!

शेतातली सगळी गोणी अर्थातच तलावात जात नाही. स्फुरद काळ्या मातीला घट्ट धरून बसतं. पण माती वाहिली की तिच्यासोबत तेही वाहतं, आणि खान्देशातला पाऊस चार-सहा मोठ्या सरींत शेतं धुऊन नेतो. उताराला आडवी पेरणी, बांधाला गवताची पट्टी, नाल्याच्या तोंडाशी दगडी बांध हे उपाय जमीन वाचवण्यासाठी सांगितले जातात. तलावाचं पाणी वाचवण्यासाठीही तेच उपाय आहेत.

त्याहून जवळचा मामला गाळपेराचा. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर पीक घेतलं जातं. जमीन सुपीक असते, ओल असते, पीक चांगलं येतं. पण तिथे टाकलेलं खत आणि फवारलेलं औषध पावसाळ्यात थेट पाण्याखाली जातं, मध्ये कोणताही बांध नाही की नाला नाही. ज्या तलावातून गाव पाणी पितं त्याच्या गाळपेर जमिनीत रासायनिक खत टाकायचं नाही, असा ठराव ग्रामसभेने करायला हरकत नाही. खताशिवाय हरभरा त्या ओलीवर बऱ्यापैकी येतो. कोणाचं तरी चार पैशांचं नुकसान होईल हे खरं, म्हणून हा विषय बहुतेक गावांत निघतच नाही.

दुसरा स्रोत सांडपाणी. राज्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण उजनीचं. सुमारे ११७ टीएमसीचं एवढं अवाढव्य धरण, पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा, मुठा, पवना आणि भीमेतून त्यात उतरतं आणि उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी हिरवं पडतं. सोलापूरकरांना त्या वासाची सवय आहे. कोल्हापूरच्या रंकाळ्यात नाले मिसळत राहिले आणि हा देखणा तलाव काही वर्षांपूर्वी काठापासून काठापर्यंत हिरवा झाला होता. धरण मोठं म्हणून पाणी सुरक्षित, असं नसतं. उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत सिएटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात अनेक गावांचं सांडपाणी सोडलं जायचं. १९६३ ते १९६८ या काळात ते दुसरीकडे वळवलं आणि काही वर्षांत, औषधाचा एक थेंबही न टाकता, सरोवर निवळलं.

खान्देशात हतनूरचं चित्र लक्षात घेण्यासारखं आहे. ४१ दरवाजांच्या या धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवजवळ, तापी आणि पूर्णेचा संगम आहे. तापी बऱ्हाणपूरकडून येते, पूर्णा अकोला-बुलढाण्याची काळी माती घेऊन येते. दोन्ही खोऱ्यांतलं खत, माती, सांडपाणी इथे थांबतं. धरणात गाळ किती साचलाय हे परिसरातल्या कोणालाही विचारा. हा प्रश्न एकट्या ग्रामपंचायतीच्या हातातला नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याचा एखादा लघु प्रकल्प किंवा साक्री-शिंदखेड्यातला गावतलाव याची गोष्ट वेगळी. त्याचं पाणलोट क्षेत्र गावाच्या नजरेच्या टप्प्यात असतं, आणि कोणत्या गल्लीची गटार कोणत्या नाल्यातून तलावात येते हे सरपंचाला तोंडपाठ असतं.

अशा ठिकाणी शोषखड्डे हा सगळ्यात स्वस्त उपाय. घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारच बंद करण्याचं काम नांदेड जिल्ह्यात झालं, ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर गाजलं. डास कमी करणं हा त्यामागचा हेतू होता, पण तलावासाठीही त्याचा तोच उपयोग. खड्डा मात्र विहिरीजवळ किंवा तलावाच्या काठाला खेटून घ्यायचा नाही. जिथे नाला अडवणं शक्य नाही तिथे तलावात शिरण्यापूर्वी त्याचं पाणी उथळ पसरट जागेतून, पाणकणीस किंवा कर्दळीच्या दाट लागवडीतून न्यावं. या झाडांची मुळं स्फुरद उचलतात. मात्र वर्षातून दोनदा ती कापून बाहेर टाकावी लागतात. नाही कापली तर ती तिथेच कुजतात आणि उचललेलं सगळं परत पाण्यात सोडतात. अनेक ठिकाणी लागवडीचा फोटो निघतो, कापणीचा निघत नाही.

कपडे धुणं, ढोरं धुणं, निर्माल्य हेही आहेच. पिण्याच्या तलावाच्या काठापासून थोडं दूर धुण्याचा ओटा आणि गुरांसाठी वेगळा हाळ बांधला की निम्मं भांडण मिटतं.

गाळ : तलावाला नको, शेताला हवा

बाहेरून येणारं खाणं थांबवलं तरी काही तलाव वर्षानुवर्षं हिरवे पडतात. कारण तळाच्या गाळात आधीचा साठा असतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि हलकं होतं, खालचं गार राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी प्राणवायू संपतो आणि मग गाळाने धरून ठेवलेलं स्फुरद पुन्हा पाण्यात सुटायला लागतं. खालच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याच वेळी.

यावर खान्देशाला रुजलेला उपाय म्हणजे गाळ काढणं. २०१७ साली राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. तलावातला गाळ शेतकऱ्याने आपल्या ट्रॅक्टरने शेतात न्यायचा, अशी तिची मांडणी. या योजनेचं कौतुक साठवण वाढते म्हणून होतं. पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने मात्र तिचा दुसरा फायदा मोठा आहे, तो म्हणजे शेतातून वाहून आलेलं स्फुरद परत शेतात जातं. तलाव खोल झाला की पाणी तापायलाही वेळ लागतो आणि तळापर्यंत ऊन पोचत नाही.

दोन गोष्टी पाळायच्या. फक्त काळा गाळ उचलायचा, खालचा मुरूम किंवा वाळू खरवडायची नाही. वाळू काढायला योजनेत मनाईच आहे, आणि मुरूम फुटला तर तलाव गळायला लागतो. दुसरं म्हणजे पाणी असलेल्या भागात, जॅकवेलच्या आसपास, जेसीबी घालायचा नाही. ढवळलेला गाळ सरळ नळाला येतो.

गाळासोबत पाण्याची पातळीही आली. पावसाळ्यानंतर १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर पुढच्या उन्हाळ्याचं पाणी आरक्षण ठरतं. त्यात किती दिवस पुरेल एवढंच पाहिलं जातं. पण मे महिन्यात तलावात तीन-चार फूट पाणी उरलं तर ते हिरवं होणारच. आरक्षणाची मागणी करताना गावाने शेवटी किती फूट पाणी शिल्लक राहील, हेही विचारलं पाहिजे.

पाणी कुठून उचलायचं

खर्च जवळजवळ नाही आणि फरक लगेच दिसतो, असा हा उपाय आहे, तरी त्याकडे लक्ष कमी जातं. निळं-हिरवं शेवाळ तरंगणारं आहे. वारा शांत असताना, विशेषतः पहाटे-सकाळी, ते पृष्ठभागावर दाट जमतं. वाऱ्याने एका काठाला लोटलं जातं. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणून थर पूर्वेच्या काठाला साचतो. जॅकवेल त्याच बाजूला असेल तर तलावभर पसरलेलं शेवाळ वारा आणून पंपाच्या तोंडाशी देतो.

पाणी वरचं घ्यायचं नाही आणि अगदी तळाचंही घ्यायचं नाही. वर थर असतो, खाली दुर्गंधी, लोह आणि मँगनीज. पृष्ठभागाखाली साधारण पाच ते दहा फुटांवरचं पाणी बऱ्याचदा सगळ्यात बरं निघतं. जॅकवेलला वेगवेगळ्या उंचीवर झडपा असतील तर थर आल्यावर खालची झडप उघडायची. एकच तोंड असेल तर सक्शन पाइप लोखंडी ड्रमच्या तराफ्याला टांगून पाण्यासोबत वर-खाली होईल असा ठेवता येतो. थर दूर ठेवायला पंपाभोवती तरंगता पडदा लावतात. बंद तोंडाच्या एचडीपीई पाइपचं वर्तुळ आणि त्याखाली तीन-चार फूट लोंबणारं जाड कापड, एवढंच ते असतं.

सकाळऐवजी दुपारी, वाऱ्याने पाणी घुसळलेलं असताना पंप लावणं चांगलं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. गावात पंप थ्री फेज येईल तेव्हा लागतो. म्हणून वेळेपेक्षा खोली सांभाळणं जास्त कामाचं.

वाळूइतकी चांगली गाळणी नाही

तापी, गिरणा, पांझरेच्या काठच्या कितीतरी गावांनी नदीपात्रात विहीर खोदून पाणी घेतलं आहे. डोहात हिरवं दिसणारं पाणी वाळूतून पाझरून विहिरीत आलं की स्वच्छ असतं. शेवाळ वाळूत अडकतं आणि वाळूच्या कणांवर राहणारे जिवाणू त्याचं विषही हळूहळू मोडतात. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठची शहरं दीडशे वर्षांपासून याच पद्धतीने पाणी घेतात. आपल्याकडे हरिद्वारलाही अशा विहिरी आहेत.

गिरणेचं आवर्तन सुटण्याआधी पात्रात नुसते डोह उरतात, तेव्हा या वाळूची खरी किंमत कळते. आणि तीच वाळू रात्रीतून डंपरने जाते. वाळू उपशाने विहिरीची पातळी खाली जाते याची ओरड गावोगाव होते. पण गावाची फुकटची गाळणीही त्यासोबत जाते, हे फारसं बोललं जात नाही. ज्या पात्रात खडक उघडा पडलाय तिथल्या विहिरीत डोहाचं पाणी जसंच्या तसं उतरतं.

तलावावर अवलंबून असलेल्या गावांसाठी मंद वाळू गाळणी हा जुना आणि भरवशाचा पर्याय आहे. बांधलेल्या हौदात खाली खडी, वर सुमारे तीन फूट बारीक वाळू, त्यावर पाणी. पाणी अगदी सावकाश, तासाला दहा सेंटिमीटर एवढ्या गतीने उतरतं. वाळूच्या वर काही दिवसांत एक चिकट थर धरतो, खरं काम तोच करतो. हिशोब सोपा आहे. दोन हजार वस्तीचं गाव, जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला एक लाख १० हजार लिटर. त्यासाठी सुमारे ४६ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फुटांची गाळणी लागते. एक साफ करताना दुसरी चालू हवी, म्हणून अशा दोन.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. पाणी फार हिरवं असेल तर वाळू लवकर तुंबते, म्हणून आधी खडीची गाळणी ठेवावी लागते. वरची बोटभर वाळू वेळोवेळी खरवडून काढावी लागते. आणि ही गाळणी रात्रंदिवस चालू राहिली पाहिजे. चार दिवस कोरडी पडली तर वरचा जिवंत थर मरतो. लाइटचा भरवसा नसेल तर कच्चं पाणी आधी उंच टाकीत घेऊन तिथून उताराने सोडावं.

बाकी उपायांत किती दम?

मासे सोडा, असं हमखास सुचवलं जातं. सिल्व्हर कार्प शेवाळ खातो हे खरं आहे. चीनमधल्या वुहान शहराच्या ईस्ट लेकमध्ये हे मासे मोठ्या संख्येने वाढवल्यावर १९८५ नंतर मायक्रोसिस्टिसचे थर नाहीसे झाले. पण थोडे मासे सोडून काही होत नाही, आणि हा मासा आपल्या कटल्याचं खाणं पळवतो. सायप्रिनस तर तळ उकरून गाळ ढवळतो, त्याने पाणी आणखी बिघडतं. सगळ्यात उलटा परिणाम पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाचा. माशांना टाकलेलं खाद्य आणि त्यांची विष्ठा म्हणजे तलावाला रोजचं खत. पिण्याच्या छोट्या तलावात पिंजरे लावायला परवानगी देताना ग्रामसभेने दोनदा विचार करावा.

खाली पाइप टाकून कॉम्प्रेसरने हवा सोडली की पाणी खालवर घुसळतं आणि तरंगणाऱ्या शेवाळाचा फायदा संपतो. ॲमस्टरडॅमजवळच्या नीव्ह मेर या तलावात १९९३ पासून हे यशस्वी झालं. पण तो तलाव तीस मीटर खोल आहे. दहा फुटांच्या गावतलावात हवा सोडली तर गाळच उसळतो. मधोमध बसवलेला कारंजा शोभेचा, शेवाळाला त्याने फारसा फरक पडत नाही.

इंग्लंडमध्ये जवाचं काड पाण्यात टाकून शेवाळ कमी होतं असं आढळलं. काही ठिकाणी गुण आला, काही ठिकाणी नाही. आपल्याकडे जव नाही, म्हणून कोणी दादरचा कडबा किंवा केळीचे खांब टाकायला जाईल, तर ते करू नये. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढतात आणि मासे मरतात. ‘कल्चर’चे मातीचे गोळे विकणारेही फिरतात. नेदरलँड्समध्ये अशा गोळ्यांची चाचणी झाली तेव्हा नेहमीच्या मात्रेत शेवाळावर परिणाम दिसला नाही. पैसे देण्याआधी शेजारच्या कोणत्या तलावात उपयोग झाला, ते जाऊन पाहावं.

सावलीचा उपाय मात्र पक्का, फक्त जागा छोटी हवी. लॉस एंजेलिसने २०१५ साली आपल्या एका जलाशयावर ९ कोटी ६० लाख काळे प्लास्टिकचे चेंडू सोडले होते. गावाला त्याची गरज नाही. उघड्या संपवर, फिल्टरच्या हौदावर पत्रा किंवा स्लॅब टाकला तरी आतलं शेवाळ महिनाभरात संपतं. टाकीचं झाकण तुटलेलं असेल तर पहिलं काम ते.

थर आलाच तर

गुरं आधी हलवा. शेवाळाचं पाणी पिऊन जनावरं मेल्याची नोंद १८७८ सालापासून आहे, आणि वाऱ्याच्या बाजूच्या काठावर, जिथे म्हशी-शेळ्या उतरतात, तिथेच विष सगळ्यात जास्त असतं. मुलांना पोहायला सोडू नका. अंगावर पुरळ, डोळ्यांची आग, उलट्या-जुलाब झाले तर दवाखान्यात ‘हिरव्या पाण्याशी संबंध आला होता’ हे सांगा.

पाणी उकळून हे विष जात नाही, हे घरोघरी पोचलं पाहिजे. उकळल्याने पेशी फुटतात आणि पाणी आटल्यावर विष उलट दाट होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात हे विष आढळलं तेव्हा सुमारे चार लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगण्यात आलं होतं. तुरटी फिरवून आणि फडक्याने गाळून पेशी काही प्रमाणात निघतात, विरघळलेलं विष निघत नाही. अशा वेळी पिण्यापुरतं पाणी हापशाचं, बोअरचं किंवा टँकरचं घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिनची मर्यादा रोजच्या पिण्यासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही, आयएस १०५०० मध्ये, पाण्यात शेवाळासारखे सूक्ष्म जीव नसावेत असं म्हटलं आहे. म्हणजे तक्रार करायला गावाकडे आधार आहे.

गावातल्या किटने, ज्यावर महिलांना प्रशिक्षण दिलं जातं, क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड कळतं. शेवाळ कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो आणि देताना ‘शेवाळाची तपासणी’ असं लेखी मागावं लागतं, नाहीतर नेहमीची जंतूंची तपासणी होऊन ‘पाणी पिण्यास योग्य’ असा कागद हातात पडतो. दोन नमुने घ्यावेत, एक जॅकवेलजवळचा आणि एक नळाचा. स्वच्छ बाटली, काळ्या कापडात गुंडाळलेली, बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी पोचवलेली. बाटलीवर तारीख, वेळ आणि पाणी किती फुटांवरून घेतलं ते लिहावं. अर्जाची एक प्रत पंचायत समितीला आणि एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी, पोच घ्यावी, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर तिची प्रत लावावी.